झाकणाच्या कडीतलं पान

मोठ्या स्वयंपाकघरात चार वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. भांड्याच्या बुडाला काजळी बसते तसे ते आपोआप बसतात, आणि राख लावून घासले तरी निघत नाहीत. माझे तर सत्तर वर्षांत निघाले नाहीत. लोक असले किस्से हसत हसत सांगतात. हसू मलाही येतं, पण त्याआधी राग येतो, आणि रागाला मी आता या वयात थांब म्हणणार नाही.

गेल्या महिन्यात माझी नात वैदेही बंगळूरहून कुंभकोणमला आली ती तोंड पाडूनच. ती कॉम्प्युटरच्या पोटातलं काम करते. पडद्यावर चित्रं हलतात ते वरचं. खाली कर्नल म्हणून एक असतो, सगळ्या मशीनचा कारभार बघणारा. त्याच्याशी प्रोसेसरच्या भाषेत बोलायला जी थोडी माणसं लागतात, त्यांतली ही एक. मी शाळेत गेले नाही, पण मला समजेल असं सांगायची तिला लहानपणापासून सवय आहे.

"आजी, प्रोसेसरमध्ये बारीक बारीक झेंडे असतात. एक काम झालं की झेंडा वर जातो, नाहीतर खाली राहतो. पुढचं काम करणारा झेंडा बघतो आणि काय करायचं ते ठरवतो. मागे काय झालं ते पुन्हा तपासत बसत नाही."

"मग बिघडलं कोठें?"

"वजाबाकीत हातचा घ्यावा लागला तर एका जातीच्या प्रोसेसरवर झेंडा वर जातो. दुसऱ्या जातीवर झेंडा तोच, नाव तेच, पण हातचा घ्यावा लागला तर तो खाली असतो. एकाने पहिल्यासाठी लिहिलेला कोड उचलून दुसऱ्यावर ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही. मी त्याच्यापुढे माझं काम जोडलं. मशीन बसलं. मॅनेजरने एवढंच विचारलं, शेवटचा हात कुणाचा?"

मी कॉफीचा डबरा, ती पसरट वाटी, खाली ठेवला. हा प्रश्न मी एकोणीस वर्षांची असताना ऐकला होता, याच तीन शब्दांत.

"तुझ्या जन्माआधी चाळीस वर्षं हे सगळं मी पाहिलंय," मी म्हटलं. "तेव्हा प्रोसेसर नव्हता. सांबाराचं भांडं होतं."

*

लग्न होऊन मी आले ती छत्राच्या मागच्या आळीत. छत्र म्हणजे तंजावरच्या मराठी राजांच्या वेळची अन्नशाळा, यात्रेकरूंना जेवू घालणारी. राजे गेले होते, चुली राहिल्या होत्या. आमचे हे तिथे येणाऱ्या पाहुण्यांची नावं वहीत लिहीत, आणि मला स्वयंपाकघरात हाताखाली घेतलं होतं.

स्वयंपाकघर तुळजाक्काचं. वय पन्नास, नवरा कधीच गेलेला, आवाज पितळी. तिरुनीलक्कुडीला दिराच्या घरात तिला गोठ्याशेजारी झोपायला लावत. तिथून एक पत्र्याची पेटी घेऊन ती निघाली होती आणि छत्रात पळी हातात घेतली होती. पळीबरोबर मागची एक खोली मिळाली. पळी गेली की खोली गेली, आणि खोली गेली की पुन्हा गोठा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ती चुकत नसे.

आता अडचण ऐका. आमच्यात देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी चव घ्यायची नाही. बोटाला लावायचं नाही, नाकाजवळही न्यायचं नाही. सहा मोठी भांडी, चार बायका, एकीने फोडणी घातली तर दुसरी चिंचेचं पाणी ओतणार, तिसरी जाळ बघणार. मीठ पडलं की नाही, हे कळायचं कसं? सांबाराकडे बघून मीठ दिसत नाही.

तुळजाक्काने त्यावर खूण काढली होती. मीठ घातलं की केळीच्या पानाचा बोटभर तुकडा झाकणाच्या कडीत खोचायचा. पान आहे, मीठ पडलंय. पान नाही, मीठ पडलेलं नाही. या कड्या तिने स्वामीमलैच्या ओताऱ्यांकडून मुद्दाम जाड करून घेतल्या होत्या.

पहिल्याच दिवशी मी मीठ घातलं आणि पान खोचायला विसरले. माझ्यामागून आलेल्या बाईने बिनपानाचं झाकण बघितलं आणि पुन्हा ओंजळभर खडेमीठ टाकलं.

नैवेद्यानंतर तुळजाक्काने ते सांबार वाटीत घेऊन माझ्यासमोर ठेवलं. "मीठ घातलंस, ते अर्धं काम. पान खोचणं हे दुसरं अर्धं. अर्धं शिकून आलीस, सासर चांगलं मिळालं. आता हे पी."

"अक्का, खारट आहे."

"मला काय ठाऊक? मी चव घेत नाही."

*

मग उलटी चूक झाली. कुप्पम्मा म्हणून एक तमिळ बाई मागच्या अंगणात भांडी घासायची. तिने भांडं घासलं, झाकण घासलं, पण सकाळचं पान कडीत तसंच राहिलं. संध्याकाळच्या रसमवर तेच झाकण चढलं. आम्ही चौघींनी पान बघितलं आणि निवांत बसलो. रसम अळणी.

भांडण लागलं. आम्ही म्हटलं, घासणाऱ्या बाईने पान काढायला हवं होतं. कुप्पम्मा कमरेला पदर खोचून उभी राहिली. "उप्पु-मीठ तुमचं, पान तुमचं, देव तुमचा. मला आत येऊ देत नाही, आणि चूक तेवढी बाहेर माझ्याकडे पाठवता?"

मला तेव्हा तिचा राग आला होता. आज वाटतं, त्या अंगणात खरं बोलणारी ती एकटीच होती.

तुळजाक्काने दोन्हीकडचं ऐकलं आणि निकाल दिला. "जिला नवं भांडं चढवायचं तिने आधी कडीत बोट घालून बघायचं आणि जुनं पान काढायचं. मागची बाई देवमाणूस असली तरी तिच्यावर सोडायचं नाही."

हे सांगितल्यावर वैदेही उठून बसली. तिच्याकडेही असला एक झेंडा आहे म्हणे, काम पुढून मागे करायचं की मागून पुढे हे सांगणारा. कर्नलच्या दारातून आत शिरलं की पहिलं काम म्हणजे तो झेंडा आपल्या हाताने खाली करायचा, बाहेरच्याने काय ठेवलंय ते न बघता.

"हे कुणी ठरवलं?" ती म्हणाली, "आमच्याकडे मोठे मोठे लोक ठरवतात."

"आमच्याकडे अळणी रसम पिऊन ठरलं."

*

छत्राचे कारभारी नरसोजीराव. माणूस वाईट नव्हता, पण आपण विचारल्याशिवाय काही शिजत नाही असं त्यांना वाटे.

लाडवांचा पाक करताना तुळजाक्का उंबऱ्यावर पळी आडवी ठेवायची. पळी आडवी असली की हाक मारायची नाही, आत यायचं नाही, घर पेटलं तरी आधी पाक. सगळं कुंभकोणम हे जाणून होतं. नरसोजीराव पळी ओलांडून आत आले.

"अक्का, पाक झाला का?"

ती पाकाची तार बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने मान वळवली, आणि तेवढ्यात पाक पुढे गेला.

"झाला," ती म्हणाली. "आता वळायला दगडफोड्यांना बोलवा."

ते लाडू आम्ही उंबऱ्यावर आपटून फोडले. नरसोजीरावांनी सगळ्यांना सांगितलं की अक्कांचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. असं असतं. मध्ये घुसतो एक, आणि हात बिघडतो दुसरीचा.

एकदा मात्र तिचीही चूक झाली, आणि तीही सांगायला हवी. पाक उतरवला, लाडू वळले, आणि पळी उचलायला ती विसरली. मागच्या पायरीवर बसून कॉफी पीत राहिली. बाहेर पाणी आणणारी, लाकडं आणणारा, खुद्द नरसोजीराव, सगळे उंबऱ्यापलीकडे रांगेत गप्प. या वेळी कारभाऱ्यांची आत यायची छाती नव्हती. शेवटी कुप्पम्मा मागून म्हणाली, "अम्मा, तुम्ही आमचं तोंड बंद केलंत ते उघडायचं राहिलंय."

तुळजाक्का हसली नाही. तिने पळी उचलून कपाळाला लावली. "ठेवणारीनेच उचलायची असते," म्हणाली.

*

एकदा पुण्याहून एक बाई यात्रेला आल्या. आमची मराठी ऐकून त्यांना हसू आवरेना. एक वाक्य आम्ही बोलायचं आणि ते त्यांनी आपल्या बहिणीला पुन्हा म्हणून दाखवायचं.

"किती जुनं बोलता हो तुम्ही. असं आता आमच्याकडे कुणी बोलत नाही."

पाहुण्यांना काय बोलणार? दुपारी त्या हौसेने स्वयंपाकघर बघायला आल्या. आम्ही चौघी विहिरीवर होतो. झाकणांवर वाळलेल्या पानांचे तुकडे बघून त्यांना वाटलं कचरा आहे. सहाच्या सहा पानं त्यांनी काढली, फडक्याने झाकणं पुसली आणि चांगलं काम केल्याच्या समाधानाने निघून गेल्या.

नशीब, तुळजाक्का बाहेरून येताच थबकली. सहा झाकणं एकदम कोरी कशी? तिने हाताला लागलेलं मीठ आठवून आठवून हिशेब लावला, कुठल्या भांड्याला कितवी ओंजळ, आणि जेवण वाचवलं. पंगतीत त्या बाईंना वाढताना मात्र ती वाकून म्हणाली, "आमचं जुनं आहे खरं. पण पुसून टाकू नका. आम्हांला लागतं."

बाईंना वाटलं, ती भाषेबद्दल बोलतेय. वाटू दे.

*

आता ज्याच्यासाठी एवढं सांगितलं ते.

छत्रात वर्षाची मोठी समाराधना दोन दिवस चालायची. त्या वर्षी मद्रासहून बडे पाहुणे येणार म्हणून नरसोजीरावांनी तंजावरहून एक नामांकित आचारी बोलावला, गोपाळराव. तुळजाक्काला विचारलं नाही. सकाळी पुरुष माणूस चुलीसमोर उभा दिसला तेव्हा तिला कळलं.

"मी काय करायचं?" तिने विचारलं.

"गोपाळराव सुरुवात करतील, तुम्ही शेवट करा," नरसोजीराव म्हणाले. जसं काही सांबाराला दोन टोकं असतात.

गोपाळराव भला माणूस. त्यांच्याकडेही पानाची खूण होती. भांडं चढवताना त्यांनी कडीत पान खोचलेलं मी पाहिलं. मीठ घालताना त्यांनी ते काढलं आणि चुलीत टाकलं, हेही पाहिलं. मला वाटलं, स्वच्छ माणूस आहे. एवढंच वाटलं मला. मूर्ख होते.

त्यांच्याकडे पान म्हणजे मीठ घालायचं बाकी आहे. आमच्याकडे पान म्हणजे घालून झालंय. पान तेच, कडी तीच.

तीन भांड्यांत मीठ घालून ते पाहुण्यांच्या स्वागताला गेले, कारण कारभाऱ्यांनी हाक मारली. तुळजाक्का आली. पान नसलेल्या तीन भांड्यांत तिने मीठ घातलं. पान असलेल्या तिन्हींना हात लावला नाही.

पंगत बसली. एका ओळीत लोक पाणी मागू लागले, दुसऱ्या ओळीत मीठ. मद्रासचे एक गृहस्थ समोरच्याला म्हणाले, "तुमचं निम्मं मला द्या, माझं निम्मं तुम्ही घ्या, दोघेही जेवू." लोक हसले. नरसोजीरावांच्या कानशिलाच्या शिरा मात्र फुगल्या.

स्वयंपाकघरात येऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला. "शेवटचा हात कुणाचा?"

"माझा," तुळजाक्का म्हणाली. तिने एक क्षणही लावला नाही.

"बास, मग."

"पण पान..."

"पानाबिनाचं मला सांगू नका."

गोपाळराव पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. त्यांना तोवर कळलं होतं. मलाही कळलं होतं. मी घागर घेऊन दारात उभी होते, तोंड उघडलं, आणि समोरून आमच्या ह्यांनी हळूच मान हलवली, नको म्हणून. मी तोंड मिटलं. नरसोजीरावांचा राग मला वीस वर्षं पुरला, गोपाळरावांचा दहा. त्या मिटलेल्या तोंडाचा अजून संपलेला नाही.

"उद्या अक्कांनी मिठाला हात लावायचा नाही," नरसोजीराव म्हणाले. "मीठ गोपाळराव घालतील. नैवेद्य झाला की खोली रिकामी करा. जायला तिरुनीलक्कुडी आहेच तुम्हांला."

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिची पेटी ओसरीवर आणून ठेवलेली होती. नैवेद्यापर्यंतही त्यांना धीर नव्हता.

तुळजाक्काने सहा भांडी रांधली. डाळ घोटली, चिंच पिळली, फोडणी दिली. मीठ दगडी कलचट्टीत होतं, तिच्याकडे तिने पाहिलंही नाही. सगळं उतरवून पळी धुतली, भिंतीला टेकवली, मला म्हणाली, "यमुने, झाकणं तू घाल," आणि ओसरीवर पेटीवर जाऊन बसली. कुप्पम्माने तिला मागच्या दाराने कॉफी नेऊन दिली.

मी झाकणं घातली.

गोपाळराव आंघोळ करून, सोवळं नेसून आले. कलचट्टीतून ओंजळ भरली आणि पहिल्या भांड्यापाशी थांबले. झाकणावर पान होतं. दुसऱ्यावर नव्हतं. तिसऱ्यावर होतं. असं सहांपैकी तीन.

"घाला की," नरसोजीराव म्हणाले. देवघरात घंटेला हात लागला होता. पाहुणे रांगेत बसत होते, कालचे तेच.

"कुठल्यात?"

"सगळ्यांत घाला."

"काल असंच झालं," गोपाळराव म्हणाले. ओंजळीतलं मीठ घामाने ओलं व्हायला लागलं होतं. "आमच्याकडे पान म्हणजे घालायचंय. यांच्याकडे पान म्हणजे घातलंय. हे कुणाचं पान आहे ते मला ठाऊक नाही."

नरसोजीराव ओसरीवर गेले.

"अक्का, पान म्हणजे काय?"

तुळजाक्काने कॉफीचा घोट गिळला. "मला काय ठाऊक? मिठाला हात लावायचा नाही असा तुमचा हुकूम. शेवटचा हात कुणाचा ते बघा."

सगळे माझ्याकडे वळले. कारभारी, आचारी, वही बगलेत धरलेले आमचे हे. ह्यांनी कालसारखी हळूच मान हलवली. मी दुसरीकडे बघितलं.

"यमुने," नरसोजीराव म्हणाले, "घातलंय की घालायचंय?"

"आधी अक्काची पेटी आत ठेवा."

"आत्ता? नैवेद्याची वेळ..."

"म्हणूनच म्हणते."

देवघरातून घंटा एकदा वाजली आणि थांबली. नरसोजीरावांनी पेटीची एक कडी धरली. दुसरी धरायला कुणी पुढे येईना, तेव्हा गोपाळरावांनी ओंजळीतलं मीठ परत कलचट्टीत टाकलं, हात झटकले आणि दुसरी कडी धरली. तुळजाक्का उठली, त्यांच्यामागून चालत गेली आणि पेटी कुठल्या कोपऱ्यात ठेवायची ते त्यांना दाखवलं.

ते परत आले. घाम पुसत नरसोजीराव म्हणाले, "आता सांग."

"कशाला हात लावू नका," मी म्हटलं. "वाढायला घ्या."

त्या दिवशी दोन्ही ओळींत कुणी पाणी मागितलं नाही, कुणी मीठ मागितलं नाही. झाकणं घालतानाच सहाच्या सहा भांड्यांत मीठ मी घातलं होतं, आणि पानं मुद्दाम तीनच झाकणांवर खोचली होती.